पडद्यावरचा अमेरिकन असा लाकडी का बोलतो?

‘स्क्विड गेम’ या कोरियन मालिकेच्या पहिल्या सीझनचा सातवा भाग ज्यांनी पाहिला आहे, त्यांना सोनेरी मुखवट्यांतले ते व्हीआयपी आठवत असतील. सहा भाग श्वास रोखून पाहिलेल्या मालिकेत हे धनदांडगे येतात, सोफ्यावर ऐसपैस पसरतात, इंग्रजीत बोलायला लागतात आणि तोवर बांधत आणलेला ताण भसकन उतरतो. २०२१ साली इंग्रजी बोलणाऱ्या प्रेक्षकांनी या मंडळींची यथेच्छ टिंगल केली. वाक्यं पुस्तकी, विनोद शाळकरी, आवाज विनाकारण चढलेला. हे नट कुठून धरून आणले, असा एकूण सूर होता.

दोष नटांचा नव्हता. त्यांच्यापैकी एकानं नंतर ‘गार्डियन’ला सांगितलेली हकिकत वाचण्यासारखी आहे. मुखवटे जड होते आणि एका सोफ्यापासून दुसरा सोफा वीस-तीस फुटांवर होता, त्यामुळे शेजाऱ्याशी बोलायचं म्हणजे हवेत ओरडायचं. कोरियात काम करणाऱ्या परदेशी नटांना बहुतेकदा आपल्या प्रसंगाचीच पानं मिळतात, बाकीची कथा ठाऊक नसते. संवादांचं इंग्रजी अनेकदा इंग्रजी मातृभाषा नसलेल्या माणसानं केलेलं असतं, कधी तर चक्क यंत्रानं. एवढं सगळं जमून आल्यावर मोठ्यात मोठा नटसुद्धा लाकडाचाच वाटेल.

अमेरिकेबाहेरच्या चित्रपटांतला अमेरिकन माणूस खोटा वाटतो तेव्हा दोन कारणं चटकन पुढे केली जातात. त्या देशाच्या मनात अमेरिकेविषयी आकस आहे, हे एक. स्वस्तातले नट घेतले, हे दुसरं. दोन्ही कारणं थोडी थोडी खरी असतील, पण मूळ घोटाळा कामाच्या पद्धतीत आहे. आणि हा प्रश्न अमेरिकेच्या मानापमानाचा तर मुळीच नाही. अमेरिकेवर टीका करणाऱ्या चित्रपटात अमेरिकन माणूस ढिसाळ उतरला, तर नुकसान त्या टीकेचं होतं.

कामाची साखळी पाहू. पटकथा स्थानिक भाषेत लिहिली जाते. त्यातला अमेरिकन पहिल्या खर्ड्यापासून त्या भाषेतच बोलत असतो. चित्रीकरण जवळ आल्यावर त्याची वाक्यं कुणाकडे तरी भाषांतराला जातात आणि भाषांतरकार ओळीला ओळ ठेवतो, कारण त्यानं काही बदललं तर दिग्दर्शकाला ते तपासता येणार नाही. इथेच बोलीचा जीव जातो. खरा माणूस बोलताना अर्धी वाक्यं टाकून देतो, समोरच्याला तोडतो, ठाऊक असलेली गोष्ट पुन्हा सांगत नाही. भाषांतरित संवादात प्रत्येकजण पूर्ण वाक्यात बोलतो, आपली पाळी येईपर्यंत थांबतो आणि दर दुसऱ्या वाक्यात समोरच्याला नावानं हाक मारतो. अब्जाधीश, लष्करी अधिकारी आणि शाळामास्तर सगळे एकाच पट्टीत बोलतात. मग हे सपाट झालंय असं कुणाला तरी जाणवतं आणि मसाला म्हणून शिव्या पेरल्या जातात, त्याही नको तिथे.

याहून बारीक, सहसा कुणाच्या लक्षात न येणारा एक बिघाड आहे. कोरियन, जपानी, हिंदी, मराठी या भाषांत क्रियापद शेवटी येतं. वाक्य संपेपर्यंत माणूस ‘करणार’ म्हणतोय की ‘करणार नाही’, हे कळत नाही. त्यामुळे ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावरचा बदल वाक्य संपल्यावर दाखवायचा, ही सवय दिग्दर्शकाच्या आणि संकलकाच्या हातात मुरलेली असते. इंग्रजी वाक्यात मुद्दा आधीच कळून चुकतो. तोच ठेका इंग्रजी संवादाला लावला की ऐकणारा उशिरा दचकतो. प्रेक्षकाला नेमकं काय खटकलं ते सांगता येत नाही, पण दोन माणसं एकमेकांचं ऐकत नाहीयेत असं त्याला वाटत राहतं.

पुढचा टप्पा नटाचा. सोल असो वा मुंबई, हाताशी असलेले गोरे चेहरे मोजकेच. कोरियात इंग्रजी शिकवणाऱ्यांचा ई-२ व्हिसा वेगळा आणि कलाकारांचा ई-६ वेगळा, म्हणजे रीतसर काम करू शकणारी मंडळी आणखी कमी. मुंबईत कुलाब्याला, लिओपोल्ड कॅफेच्या आणि साल्व्हेशन आर्मीच्या गेस्टहाउसच्या आसपास फिरून एजंट परदेशी प्रवाशांना एक दिवसाच्या कामासाठी उचलून नेत. गर्दीत उभं राहायला तेवढं पुरतं. अडचण होते ती त्याच गर्दीतल्या कुणाला आयत्या वेळी दोन वाक्यं दिली जातात तेव्हा.

आपल्याकडे त्यात आणखी एक भर. हिंदी चित्रपटाच्या लेखी ‘गोरा’ ही एकच जात. बॉब ख्रिस्तो ऑस्ट्रेलियन होते. ते पडद्यावर कुठल्या देशाचे, हे विचारायची गरज कुणाला वाटली नाही. टॉम ऑल्टर यांचं उदाहरण तर डोळे उघडणारं आहे. अमेरिकन मिशनरी कुटुंबातला, १९५० साली मसुरीत जन्मलेला, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेला हा नट अस्खलित हिंदी-उर्दू बोलत असे. अमेरिकन मुळं असलेला आणि आपली भाषा आतून जाणणारा माणूस या उद्योगाकडे चार दशकं होता, आणि त्याला पुन्हा पुन्हा काय दिलं, तर इंग्रज अधिकाऱ्याचा गणवेश.

आता सेटवर. दिग्दर्शक दुभाष्यामार्फत सूचना देतो. टेक ओके करताना तो प्रकाश बघतो, कॅमेऱ्याची हालचाल बघतो, आपल्या मुख्य नटाचं काम बघतो. इंग्रजी वाक्याचा सूर त्याच्या कानाला कळत नाही. कंटिन्युइटी सांभाळणारा शब्द गळला का एवढं पाहील, पण वाक्य खोटं वाटतंय हे सांगण्याचा अधिकार सेटवर कुणालाच नसतो. नटाला खटकतं, पण चाळीस माणसं उभी असताना, दिवसाच्या पैशावर आलेला परदेशी नट ‘आमच्याकडे असं कुणी बोलत नाही’ म्हणायला धजावत नाही.

आणि मग सबटायटल. स्थानिक प्रेक्षक ते इंग्रजी कानानं घेतच नाही. तो खाली आपल्या भाषेत वाचतो, आणि वाचतो ते बहुधा लेखकानं मुळात लिहिलेलं चांगलं वाक्य असतं. म्हणजे एकाच दृश्याचे दोन अवतार तयार होतात. घरच्या प्रेक्षकाला मूळ संहिता मिळते आणि बाहेरच्याला तिचं कलेवर. जोवर चित्रपट देशाबाहेर फारसा जात नव्हता तोवर हे खपलं. आता एकाच दिवशी तो शंभरावर देशांत उघडतो आणि कान असलेला प्रेक्षक पहिल्या रात्रीच हजर असतो.

२०१६ च्या ‘शिन गॉडझिला’ या जपानी राक्षसपटात तर हा घोटाळा खुद्द पात्रातच आहे. कायोको ॲन पॅटरसन ही अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांची विशेष दूत, सिनेटरची मुलगी, पुढेमागे स्वतः राष्ट्राध्यक्ष व्हायची स्वप्नं पाहणारी. आणि तिची आजी अणुबॉम्बमधून वाचलेली. लिहिताना किती वजनाचं पात्र आहे हे! राक्षसाला मारायला जपानवर पुन्हा अणुबॉम्ब टाकायला निघालेल्या देशाच्या प्रतिनिधीच्या घरातच अणुबॉम्बग्रस्ताचा वारसा. भूमिका दिली सातोमी इशिहारा या लोकप्रिय जपानी अभिनेत्रीला. तिचं इंग्रजी ऐकून अमेरिकेत जन्मलेली, तिथल्या राजकारणात मुरलेली बाई डोळ्यांपुढे येत नाही. जपानी प्रेक्षकासाठी ती चालून गेली, पण बाहेर प्रेक्षक हसले आणि आजीचा मुद्दा त्या हसण्यात वाहून गेला. तिला जन्मानं जपानी, तरुणपणी अमेरिकेत गेलेली दाखवलं असतं तरी भागलं असतं. पटकथेत दोन ओळींचा बदल.

याच्या उलट टोकाला कोरियन दिग्दर्शक बाँग जून-हो यांच्या ‘द होस्ट’ची (२००६) सुरुवात आहे. सोलमधला अमेरिकन लष्करी तळ, तिथलं शवागार, फेब्रुवारी २०००. म्हातारा अमेरिकन अधिकारी बाटल्यांवरून बोट फिरवतो, धूळ दिसते, आणि धूळ आपल्याला अजिबात खपत नाही असं सांगून तो कोरियन सहायकाला फॉर्मल्डिहाइड हे विषारी रसायन सिंकमध्ये ओतायला लावतो. सहायक सांगतो, नियमात बसत नाही, हे थेट हान नदीत जाईल. साहेब शांतपणे म्हणतो, हान नदी फार रुंद आहे, आपणही मन थोडं रुंद ठेवू या. मग कॅमेरा रिकाम्या बाटल्यांच्या रांगेवरून सरकत राहतो.

हेही व्यंगचित्रच आहे, आणि अमेरिकेवर रागावून काढलेलं आहे. पण रेषा पक्की आहे. स्कॉट विल्सनसारखा मुरलेला अमेरिकन नट, मोजकी वाक्यं, आवाज चढलेला नाही. आपल्या हाताखालच्या माणसाशी गोड बोलून त्याला मोडणारा अधिकारी कसा वागतो, हे लिहिणाऱ्यानं पाहिलेलं आहे. मुख्य म्हणजे प्रसंगाला खऱ्या घटनेचा आधार आहे. २००० साली सोलच्या योंगसान तळावरून असं रसायन सांडपाण्यात सोडलं गेलं होतं आणि त्यावरून कोरियात संताप उसळला होता. त्या नदीतून पुढे राक्षस निघतो हे काल्पनिक, पण आरोप खराच. कोरियात एक कोटी तीस लाख तिकिटं विकली गेलेला हा चित्रपट अमेरिकेतही लोकांनी आवडीनं पाहिला.

त्याच वर्षीचा तुर्की ‘व्हॅली ऑफ द वुल्व्ह्ज: इराक’ शेजारी ठेवला की फरक कळतो. त्याच्याही मुळाशी खरी घटना आहे. ४ जुलै २००३ रोजी उत्तर इराकमधल्या सुलेमानियात अमेरिकन सैनिकांनी तुर्की सैनिकांना पकडून त्यांच्या डोक्यावर पिशव्या चढवल्या. मित्रराष्ट्राच्या सैनिकांचा हा अपमान तुर्कस्तान विसरलेलं नव्हतं. निर्मात्यांनी पैसे सोडले, बिली झेन आणि गॅरी ब्युसी हे हॉलिवूडचे नट आणले. म्हणजे इंग्रजीची अडचण मिटली. पण ब्युसीला काय दिलं, तर कैद्यांचे अवयव काढून परदेशी धाडणारा ज्यू डॉक्टर. ज्यूद्वेषाची शतकानुशतकं चालत आलेली कथा खऱ्या तक्रारीला चिकटवली. इराकमधल्या अबू घ्रैब तुरुंगातल्या छळाची छायाचित्रं जगासमोर येऊन दोन वर्षंही झाली नव्हती. खऱ्या अत्याचारांची वानवा नव्हती. ज्याला आरोप झटकायचा होता त्याच्या हाती आयतं निमित्त मिळालं. डॉक्टरच्या बाष्कळपणावर सगळी चर्चा गेली आणि पिशव्यांचा प्रश्न मागे पडला. चांगला नट घेतला म्हणजे झालं, असं म्हणणाऱ्यांनी हा चित्रपट पाहावा.

चीनचा ‘वुल्फ वॉरिअर २’ (२०१७) पैशाच्या बाबतीत साडेपाच अब्ज युआनच्या पुढे गेला. हाणामाऱ्यांसाठी हॉलिवूडचा सॅम हारग्रेव्ह, खलनायक फ्रँक ग्रिलो. लाथा अस्सल बसतात. पण शेवटी नायकाला चिरडताना तो खलनायक म्हणतो, तुमच्यासारखे लोक आमच्यासारख्यांपेक्षा कायम खालचेच राहणार. पैशासाठी लढणारा भाडोत्री सैनिक असं भाषण का करील? नायकाला टोला हाणायला चेंडू हवा, म्हणून. लाथेला तज्ज्ञ बोलावला, वाक्याला नाही, अशी माझी खात्री आहे.

या सगळ्यांत एक सवय फार जुनी आहे, आणि ती शिवीगाळीपेक्षा जास्त अडचणीची. अमेरिकन पात्राकडून प्रशस्तिपत्र घ्यायचं. ‘द बॅटल ॲट लेक चांगजिन’ (२०२१) हा कोरियन युद्धावरचा चिनी चित्रपट. अमेरिकन सैनिक टर्की खातायत आणि चिनी सैनिक गोठलेले बटाटे चावतायत, अशी त्याची मांडणी. पण शेवटाकडे बर्फात दबा धरून बसल्या जागी गोठून मेलेली चिनी तुकडी दिसते तेव्हा तिला सॅल्यूट कुणी ठोकायचा? अमेरिकन सेनापतीनं. शौर्य आपलं, पण शिक्का त्यांचा. ‘माय नेम इज खान’मध्ये (२०१०) रिझवान खान अमेरिकाभर पायपीट करतो आणि अखेरीस नवनिर्वाचित राष्ट्राध्यक्ष त्याला भेटतात तेव्हाच ‘मी दहशतवादी नाही’ हे त्याचं म्हणणं पोहोचलं असं ठरतं. त्यातलं जॉर्जियामधलं ममा जेनीचं गाव पाहावं: एकविसाव्या शतकातलं कृष्णवर्णीयांचं गाव असं काही दाखवलंय की गुलामगिरी संपून फार दिवस झाले नसावेत. त्या गावातल्या लोकांना नायकाच्या चांगुलपणाचे साक्षीदार होण्यापलीकडे काही काम नाही.

सोव्हिएत ‘सर्कस’ (१९३६) तर या प्रकाराचा आजोबा. कृष्णवर्णीय बाळ झालं म्हणून अमेरिकेतल्या जमावापासून पळालेली सर्कशीतली गोरी कलावंत मॅरियन डिक्सन मॉस्कोत येते आणि तिथला प्रेक्षक त्या बाळाला हातोहात घेऊन निरनिराळ्या भाषांत अंगाई गातो. अमेरिकेतल्या वंशद्वेषावरचा आरोप शंभर टक्के खरा. पण त्या अंगाईतलं यिद्दिश, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेतलं, कडवं म्हणणारे ज्यू नट सोलोमन मिखोएल्स १९४८ मध्ये स्टालिनच्या हस्तकांकडून मारले गेले आणि ते कडवंच चित्रपटातून कापलं गेलं. अमेरिकन पात्राला आपल्या घराची शोभा सांगायला उभं केलं की त्या घराकडेही लोकांचं लक्ष जातं.

तरीही या ‘सर्कस’नं एक गोष्ट बरोबर केली होती. ल्युबोव ऑर्लोवा ही रशियन अभिनेत्री, पण तिची मॅरियन अडखळत, परक्या हेलात रशियन बोलते. अमेरिकन माणसाला आपल्याच भाषेत, चुकतमाकत बोलू द्यायचं. १९६० च्या ‘ब्रेथलेस’मध्ये फ्रेंच दिग्दर्शक गोदारनं हेच केलं आणि तेही खऱ्या अमेरिकन अभिनेत्रीकडून. पॅरिसच्या शाँझेलिझे रस्त्यावर ‘न्यूयॉर्क हेरल्ड ट्रिब्यून’ विकणाऱ्या पॅट्रिशियाचं फ्रेंच जीन सीबर्गच्या अमेरिकन उच्चारांसकट तसंच राहिलं. दिग्दर्शकाला प्रत्येक सूर ऐकू येत होता, कारण भाषा त्याची होती. चूक झाली तरी ती पात्राची चूक वाटते. हा सगळ्यांत स्वस्त उपाय आहे आणि नेमका तोच कुणी करत नाही, कारण गोऱ्या माणसानं इंग्रजीच झोडली पाहिजे असं आपण धरून चालतो.

इंग्रजीच हवं असेल तर गौरी शिंदे यांच्या ‘इंग्लिश विंग्लिश’मधला (२०१२) न्यूयॉर्कच्या कॅफेचा प्रसंग नीट पाहावा. पुण्याची शशी गोडबोले काउंटरपुढे उभी आहे. पलीकडची बाई विचारते: पाणी साधं की सोड्याचं, कॉफी कुठली. प्रश्नांचा वेग नेहमीचाच, आवाजात तुच्छता, मागे रांग खोळंबलेली. त्या बाईला नाव नाही, भूतकाळ नाही, मिनिट-दोन मिनिटांचं काम आहे. पण ती काउंटरवरची बाई म्हणून पटते. शशीला रडवायला मुद्दाम ठेवलेली खलनायिका वाटत नाही. ती दिवसाला शंभर वेळा विचारते तेच विचारतेय. म्हणूनच शशीचा अपमान आपल्याला झोंबतो.

यावर ठरलेला आक्षेप असा: हॉलिवूडनं शंभर वर्षं आपली चेष्टा केली, आता आपण का जपायचं? ‘इंडियाना जोन्स’ मालिकेतल्या ‘टेंपल ऑफ डूम’मध्ये (१९८४) भारतीय राजवाड्यात माकडाचा मेंदू वाढला होता, पटकथेवरून आपल्या सरकारशी बिनसल्यानं त्याचं चित्रीकरण श्रीलंकेत न्यावं लागलं. अमरीश पुरींसारखा नट असूनही ते जेवण पाहून आपल्याला काय वाटलं? राग आला, पण त्याआधी हसू आलं. ज्यानं आपल्याला पाहिलेलंच नाही त्याची टीका लागत नाही. अमेरिकनांवर दातओठ खाऊन चित्रपट काढायचा असेल तर खुशाल काढावा. पण तो त्यांना लागला तर पाहिजे.

करायचं काय, ते फार अवघड नाही. पटकथेतल्या अमेरिकनाची वाक्यं भाषांतराला पाठवू नयेत, प्रसंग पाठवावा. कोण काय मागतोय, काय लपवतोय, शेवटी कुणाची सरशी होते, एवढं एका पानात. इंग्रजीत लिहिणाऱ्यानं त्यावरून संवाद नव्यानं लिहावेत, मग ते आपल्या भाषेत आणून दिग्दर्शकानं वाचावेत. म्हणजे भाषांतराची दिशा उलटी करायची. सबटायटलही पडद्यावर शेवटी बोलल्या गेलेल्या वाक्यांवरून करावं. नट निवडताना तो मूळचा कुठला हे विचारावं आणि पात्र तिकडचं करावं. ओहायोच्या माणसाला टेक्सासचा हेल काढायला लावला की दोन्ही राज्यं जातात. त्याला पूर्ण संहिता द्यावी, गोपनीयतेची अडचण असेल तर निदान कथेचा गोषवारा. चित्रीकरणाआधी अर्धा दिवस नट, लेखक आणि दिग्दर्शकानं एकत्र बसून वाचन करावं. जीभ अडखळेल ते वाक्य तिथेच बदलावं. सेटवर ध्वनिमुद्रकाशेजारी हेडफोन लावून एक इंग्रजी कानाचा माणूस बसवावा आणि त्याला ‘आणखी एक टेक’ म्हणायचा अधिकार स्पष्ट शब्दांत द्यावा. नाहीतर तो नुसताच बसतो. या सगळ्याचा खर्च क्रेनच्या भाड्याच्या मानानं किरकोळ.

गणवेश आणि वस्तूंच्या चुका वेगळ्या. अमेरिकन सैनिकाच्या उजव्या बाहीवरच्या झेंड्यात ताऱ्यांचा चौकोन पुढच्या बाजूला असतो, म्हणून तो उलटा दिसतो. वेशभूषाकार हमखास ‘सुलटा’ करतात. नौदलात आणि मरीनमध्ये बोडक्या डोक्यानं सॅल्यूट ठोकत नाहीत. तारखेत महिना आधी, तापमान फॅरनहाइटमध्ये, आपला तळमजला म्हणजे त्यांचा पहिला मजला. हे सगळं एका दुपारी तपासून होतं, आणि राहिलं तरी प्रसंग मरत नाही.

मराठी निर्मात्यांना तर कानासाठी लांब जायचीही गरज नाही. बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून अमेरिकेत आणि कॅनडात काम करतंय, न्यू जर्सीपासून कॅलिफोर्नियापर्यंत मंडळं आहेत, आणि तिथे वाढलेल्या दुसऱ्या पिढीत आईवडिलांचं मराठी समजणारे आणि अमेरिकन इंग्रजीतच भांडणारे तरुण आहेत. आजवर परदेशी चित्रीकरणात त्यांचा उपयोग घर, गाडी आणि गर्दी पुरवायला झाला. त्यांना संहिता द्यावी. चित्र न दाखवता फक्त आवाजाची फाइल पाठवावी, म्हणजे चेहऱ्यांना भुलून ते सोडून देणार नाहीत. हे अमुक मिनिटाचं वाक्य कोण बोलतं, कुणाशी, कुठे, एवढं त्यांना नुसतं ऐकून सांगता आलं नाही तर ते वाक्य बदलावं. घरचंच पोर आहे म्हणून फुकटात उरकू नये. श्रेयनामावलीत नाव आणि ठरलेले पैसे द्यावेत. पैसे घेणारा माणूस चूक दाखवताना संकोचत नाही.